कायदा एकच, तरी गोऱ्या मुलाला समज आणि काळ्या मुलाला कोठडी: अमेरिकेच्या बालन्यायालयात फरक कुठे पडतो?

पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: ‘अमेरिकेत गोऱ्या मुलांच्या तुलनेत कृष्णवर्णीय मुलं कोठडीत जाण्याचं प्रमाण चार-पाच पट आहे, असं वाचलं. कायदा तर रंग बघत नाही. मग ही मुलं गुन्हेच जास्त करतात, की न्यायाधीश पक्षपाती आहेत? फरक नेमका पडतो कुठे?’

मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ज्युव्हेनाइल कोर्टात बचाव पक्षाच्या वकिलांबरोबर सोशल वर्कर म्हणून काम करते. मुलांच्या घरी जाणं, शाळेचे कागद मिळवणं, आईशी-आजीशी बोलणं आणि कोर्टापुढे त्या मुलाचं आयुष्य नीट मांडणं हे माझं काम. त्यामुळे उत्तर थोडं लांब होईल, पण या प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आधी आकडा. २०२१ च्या मोजणीनुसार दर एक लाख कृष्णवर्णीय मुलांमागे २२८ मुलं बालकोठडीत किंवा सुधारगृहात होती. गोऱ्या मुलांमध्ये हेच प्रमाण ४९ होतं, म्हणजे जवळपास पावणेपाच पट फरक. देशातल्या मुलांमध्ये कृष्णवर्णीय मुलं साधारण १५ टक्के आहेत. बंदिस्त मुलांमध्ये मात्र ती ४० टक्क्यांहून जास्त. मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. २००० साली कुठल्याही एका दिवशी एक लाखाहून जास्त मुलं अमेरिकेत बंदिस्त असायची. २०२१ पर्यंत हा आकडा पंचवीस हजारांच्या आसपास आला. इतकी मोठी घट झाली, कितीतरी सुधारगृहं बंद पडली, तरी काळ्या-गोऱ्यांमधलं अंतर जवळपास तसंच राहिलं. कोठड्या रिकाम्या करताना कोणाला आधी सोडायचं, याचे निर्णयही त्याच पद्धतीने झाले. न्यू जर्सीमध्ये आपली मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहतात, शाळा चांगल्या म्हणून तिथे घरं घेतात. या तफावतीत ते राज्य देशात अगदी वरच्या क्रमांकांवर आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

आता ‘गुन्हेच जास्त करतात का’ याबद्दल. हा प्रश्न टाळू नये. खून आणि सशस्त्र लूट अशा गंभीर हिंसक गुन्ह्यांत कृष्णवर्णीय मुलांच्या अटकेचं प्रमाण जास्त आहे, आणि त्यातला सगळाच फरक पोलिसांच्या पक्षपाताने समजावता येत नाही. ज्या वस्त्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गृहकर्ज नाकारलं गेलं, कारखाने गेले, शाळा उपाशी ठेवल्या गेल्या आणि बंदुका मात्र सहज मिळत राहिल्या, तिथे हिंसा जास्त आहे. पण कोर्टात येणाऱ्या बहुसंख्य मुलांची प्रकरणं अशी नसतात. शाळेतली मारामारी, दुकानातली चोरी, गांजा, घरातलं भांडण, रात्री उशिरा बाहेर राहणं, प्रोबेशनची (कोठडीऐवजी देखरेखीखाली घरी राहण्याची) अट मोडणं, अशीच बहुतेक असतात. ड्रग्जचं बघा. मुलांना निनावी विचारलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणांत गोऱ्या आणि काळ्या किशोरांचं ड्रग्ज घेण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं सारखंच दिसतं, कधी गोऱ्या मुलांचं थोडं जास्तच. अटका मात्र सारख्या नसतात. म्हणजे वागण्यातला फरक खरा असला तरी तो या दरीचा एक भागच समजावतो, आणि गुन्हा जितका किरकोळ तितकं ते स्पष्टीकरण तोकडं पडतं.

उरलेला भाग कुठे तयार होतो? माझं उत्तर असं आहे: तो एका न्यायाधीशाच्या एका निकालात सापडत नाही. ‘हे पोरपण आहे की गुन्हा’ हे ठरवायचा अधिकार वाटेत अनेक मोठ्या माणसांना असतो. शिक्षक, शाळेतला पोलीस, रस्त्यावरचा पोलीस, कोर्टाचा इनटेक ऑफिसर, प्रोबेशन ऑफिसर, सरकारी वकील आणि सगळ्यात शेवटी न्यायाधीश. प्रत्येकाच्या हातून थोडासा फरक पडतो. पण प्रत्येक टप्प्यावर एक नोंद होते, आणि पुढचा माणूस ती नोंद वस्तुस्थिती समजून वाचतो. चक्रवाढ व्याजासारखा फरक वाढत जातो. शेवटच्या टप्प्यावरचा न्यायाधीश प्रामाणिकपणे म्हणू शकतो की मी रंग बघितला नाही, मी फक्त रेकॉर्ड बघितलं.

सुरुवात शाळेपासून, खरं तर बालवाडीपासून होते. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या २०१७-१८ च्या माहितीनुसार सरकारी बालवाड्यांमध्ये कृष्णवर्णीय मुलं १८ टक्के होती, आणि ज्यांना घरी बसवण्याची शिक्षा झाली त्यांच्यात ४३ टक्के. ही तीन-चार वर्षांची मुलं. या वयात कोणी टोळीत नसतं, कोणी ड्रग्ज विकत नसतं. चावणं, ओरडणं, वस्तू फेकणं यापलीकडे त्यांचा गुन्हा काय असणार?

मोठ्या शाळांमध्ये नव्वदच्या दशकापासून ‘झीरो टॉलरन्स’ (छोट्या चुकीलाही कडक शिक्षा) आलं आणि गणवेशातले पोलीस कायमचे व्हरांड्यात आले. जे पूर्वी मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटायचं ते पोलिसांच्या वहीत जायला लागलं. साउथ कॅरोलिनात ‘शाळेत व्यत्यय आणणं’ हाच गुन्हा होता. २०१५ साली स्प्रिंग व्हॅली हायस्कूलमध्ये वर्गात फोनवरून वाद झाला. पोलिसाने एका कृष्णवर्णीय मुलीला बाकासकट खाली पाडून फरफटवलं. तो व्हिडिओ जगभर गेला. त्या मुलीला अटक झालीच, पण हे काय चाललंय म्हणून आवाज उठवणाऱ्या तिच्या वर्गमैत्रिणीलाही त्याच कलमाखाली अटक झाली. २०१८ मध्ये विद्यार्थ्यांपुरतं ते कलम काढलं गेलं.

टेनेसी राज्यातल्या रदरफर्ड काउंटीचं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) २०१६ चं प्रकरण तर विद्यार्थ्यांना शिकवावं असं आहे. शाळेबाहेर लहान मुलांची झटापट झाली. पाच-सहा वर्षांची दोन पोरं एका मोठ्या मुलाला चापट्या मारत होती, आणि कोणीतरी त्याचं चित्रण केलं. पोलिसांनी कोणाला पकडावं? जी मुलं बाजूला उभी राहून बघत होती त्यांना, ‘भांडण थांबवलं नाही’ म्हणून. एकूण अकरा मुलं, सगळी कृष्णवर्णीय, त्यात प्राथमिक शाळेतल्या मुली. ज्या कलमाखाली धरलं तसा गुन्हा राज्याच्या कायद्यात नव्हताच. त्या काउंटीत कोर्टात आलेली जवळपास निम्मी मुलं कोठडीत टाकली जात होती, तर राज्याची सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास होती. पुढे खटला झाला आणि काउंटीने जास्तीत जास्त १ कोटी १० लाख डॉलर भरपाईची तडजोड केली. हे प्रकरण मी मुद्दाम सांगते, कारण तिथे कोणी एकच वेडा पोलीस नव्हता. कागदावर सही करणारे, वॉरंट देणारे, कोठडीचे नियम लिहिणारे आणि ‘फिल्टर सिस्टिम’ नावाचा निकष ठरवणारे सगळे आपापलं काम करत होते.

मग पोलीस. इथे वयाचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचा तो कणा आहे. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलँडच्या एका बागेत बारा वर्षांचा तामिर राइस खेळण्यातली बंदूक घेऊन फिरत होता. फोन करणाऱ्या माणसाने सांगितलं होतं की बंदूक बहुधा खोटी आहे आणि मुलगा बहुधा अल्पवयीन आहे. हे गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलं नाही. गाडी थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत गोळी झाडली गेली. त्यानंतर वायरलेसवर जे सांगितलं गेलं त्यात त्याचं वय होतं, ‘साधारण वीस’. मानसशास्त्रज्ञ फिलिप अतिबा गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच प्रयोगाने दिसलं होतं. दहा वर्षांनंतरची कृष्णवर्णीय मुलं लोकांना कमी निरागस वाटतात, आणि गंभीर गुन्ह्याचा संशय असेल तर त्यांचं वय सरासरी साडेचार वर्षांनी जास्त धरलं जातं. मुलींबाबतही तसंच. २०१७ साली जॉर्जटाउन लॉमधल्या संशोधकांनी दाखवलं की पाच-सहा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीलाही कमी जपावं लागतं, कमी सांत्वन लागतं, तिला मोठ्यांच्या गोष्टी जास्त कळतात, असं मोठी माणसं मानतात.

आता विचार करा. बालन्यायाची सगळी इमारतच ‘मूल हे मूल आहे’ या गृहीतकावर उभी आहे. ज्या मुलाचं मूलपणच समोरच्याला दिसत नाही, त्याला या इमारतीत काय मिळणार? चौकशीच्या खोलीत हा फरक जीवघेणा ठरतो. न्यूयॉर्कमधल्या १९८९ च्या सेंट्रल पार्क बलात्कार प्रकरणात १४ ते १६ वर्षांच्या पाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांकडून तासन्‌तास चौकशी करून जबाब घेतले गेले. मुलं तुरुंगात वाढली, आणि २००२ मध्ये खरा गुन्हेगार पुढे आल्यावर शिक्षा रद्द झाल्या. पोलिसांनी मुलांशी चौकशीत खोटं बोलायला बंदी घालणारं पहिलं राज्य इलिनॉय, आणि तेही २०२१ मध्ये.

यापुढचा टप्पा बाहेरच्या कोणाला दिसत नाही: इनटेक आणि प्रोबेशनचा अहवाल. मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवते, म्हणून जरा थांबून सांगते.

मुलाला पकडल्यावर प्रकरण कोर्टात पाठवायचं, की समज देऊन किंवा समुपदेशनाला पाठवून तिथेच मिटवायचं, हे इनटेक ऑफिसर ठरवतो. कोर्टात गेल्यास प्रोबेशन ऑफिसर मुलाचा सामाजिक अहवाल लिहितो. १९९८ मध्ये जॉर्ज ब्रिजेस आणि सारा स्टीन या समाजशास्त्रज्ञांनी वॉशिंग्टन राज्यातले असे २३३ अहवाल वाचून काढले. त्यांना दिसलं की गुन्हा आणि पूर्वेतिहास सारखा धरला तरी भाषा बदलते. गोऱ्या मुलाने गुन्हा का केला? घरात दारू, वाईट संगत, शाळेतली अडचण. काळ्या मुलाने का केला? त्याचा स्वभाव तसा, त्याला पश्चात्ताप नाही, तो कायद्याला जुमानत नाही. एकाच्या गुन्ह्याचं कारण बाहेर ठेवलं जातं, दुसऱ्याचं त्याच्या आत. ज्याचं कारण आत, तो पुन्हा गुन्हा करणार असं मानलं जातं, आणि शिफारसही तशीच कडक होते.

हे अहवाल मी आजही वाचते. कुठेही शिवी नसते, वर्णाचा उल्लेख नसतो. ‘प्रश्नांना तुटक उत्तरं दिली’, ‘नजर मिळवली नाही’, ‘घटनेचं गांभीर्य कळल्याचं दिसत नाही’. पण चौदा वर्षांचा पोरगा अनोळखी गणवेशापुढे तुटकच बोलतो. त्याच्या आजीने त्याला लहानपणापासून बजावलेलं असतं की पोलिसांपुढे तोंड उघडू नकोस, हात दिसतील असे ठेव. त्याची ती शिस्त कागदावर बेफिकिरी बनते. दुसऱ्या टोकाला, ज्या मुलाचे वडील सूट घालून, खासगी थेरपिस्टचं पत्र आणि उन्हाळी शिबिराच्या प्रवेशाची पावती घेऊन येतात, त्याच्या अहवालात ‘कुटुंबाचा भक्कम आधार’ हे शब्द हमखास येतात. आधार पहिल्या मुलालाही असतो. त्याची आई रुग्णालयात रात्रपाळी करते, मावशी जेवण देते, चर्चमधले एक काका त्याला शाळेत सोडतात. हे कोणी विचारलंच नाही तर कागदावर येत नाही, आणि ते कागदावर आणणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग आहे. मी लिहून दिलेल्या मजकुराने शिफारस बदललेली मी पाहिली आहे. मुलगा तोच असतो, गुन्हाही तोच असतो.

कोठडीचा निर्णय माणसाच्या मर्जीवर नको, म्हणून अनेक ठिकाणी गुणांचा तक्ता आला. आरोप किती गंभीर, आधीची प्रकरणं किती, एखादं प्रकरण चालू आहे का, आधी तारखेला गैरहजर होता का, सध्या देखरेखीखाली आहे का. प्रत्येकाला गुण, आणि बेरीज ठरावीक आकड्यावर गेली की कोठडी. मर्जीपेक्षा तक्ता बरा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तक्त्यातल्या ओळी बघा. समजा दोन मुलं आहेत, दोघांनीही सातवीत एकदा मारामारी केली. एकाच्या शाळेत समुपदेशक होता, प्रकरण पालकांना फोन करून संपलं. दुसऱ्याच्या शाळेत पोलीस होता, तिथे तक्रार नोंदवली गेली. दोन वर्षांनी दोघंही दुकानात चोरी करताना सापडले. पहिल्याच्या ‘आधीची प्रकरणं’ या रकान्यात शून्य. दुसऱ्याच्या रकान्यात एक. शिवाय मधल्या काळात त्याची एक तारीख चुकली होती, कारण नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि आईला कामावरून सुटी मिळाली नाही. तिचेही गुण चढतात. तक्ता दोघांना सारखाच लावला गेला, आणि एकजण घरी गेला, एक कोठडीत. कोठडीत गेलेल्या मुलाची शाळा बुडते, निकालापर्यंत कोठडीत असलेल्याला पुढे सुधारगृहात पाठवण्याची शक्यताही वाढते. त्यात ‘न्यायला पालक उपलब्ध नाहीत’ म्हणून गुण कमी असूनही थांबवून ठेवण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. रात्रपाळीच्या आईला याचा अर्थ काय, ते तुमच्या लक्षात येईल.

आणि एकदा प्रोबेशन लागलं की नवा गुन्हा करायचीही गरज उरत नाही. २०२० च्या मे महिन्यात, कोव्हिडमुळे शाळा ऑनलाइन असताना, मिशिगनच्या ओकलंड काउंटीत एका पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला प्रोबेशनची अट मोडली म्हणून कोठडीत पाठवलं गेलं. तिने मोडलेली अट होती ऑनलाइन गृहपाठ करण्याची. देशभरातली लाखो मुलं त्या महिन्यांत गृहपाठ करत नव्हती. बातमी बाहेर आली, मोर्चे निघाले, आणि अडीच महिन्यांनी वरच्या कोर्टाच्या आदेशाने ती घरी आली.

सगळ्यात टोकाचा टप्पा म्हणजे मुलाला मोठ्यांच्या कोर्टात पाठवणं. १९९५ मध्ये जॉन डीयूलिओ या राज्यशास्त्रज्ञाने ‘सुपरप्रेडेटर’ हा शब्द पुढे आणला. निर्दय, विवेकशून्य किशोरांची लाट येतेय, असं भाकीत होतं, आणि वर्णन वाचणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं की डोळ्यांपुढे कोणत्या रंगाचा चेहरा आणायचाय. प्रत्यक्षात किशोरांची हिंसा १९९४ पासूनच उतरायला लागली होती. पण त्या दशकात ४० हून अधिक राज्यांनी मुलांना प्रौढ कोर्टात पाठवणं सोपं केलं. काही राज्यांत तर सरकारी वकील न्यायाधीशाला न विचारताच पाठवू शकतो. २०१२ च्या मिलर विरुद्ध अलाबामा या, अल्पवयीनांच्या पॅरोलशिवाय जन्मठेपेबद्दलच्या खटल्यात मुलांच्या बाजूच्या निवेदनावर खुद्द डीयूलिओंनी सही केली, ते भाकीत चुकलं होतं म्हणून. कायदे मात्र बऱ्याच ठिकाणी तसेच उरले. अल्पवयात केलेल्या गुन्ह्यासाठी पॅरोलशिवाय जन्मठेप झालेल्यांत साधारण ६० टक्के कृष्णवर्णीय होते. फिलाडेल्फियाचे जो लिगन पंधराव्या वर्षी, १९५३ साली, आत गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ व्या वर्षी बाहेर आले.

न्यूयॉर्क तर २०१८ पर्यंत सोळा वर्षांच्या मुलाला थेट प्रौढच मानत होतं. ब्रॉन्क्सचा केलिफ ब्राउडर २०१० मध्ये सोळाव्या वर्षी बॅग चोरल्याच्या आरोपावरून पकडला गेला. जामीन ३००० डॉलर, घरच्यांना परवडला नाही. खटला न चालता तो रायकर्स बेटावरच्या तुरुंगात सुमारे तीन वर्षं राहिला, त्यातला बराच काळ एकांतवासात. आरोप मागे घेतले गेले, तो घरी आला, आणि २०१५ मध्ये बाविसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. प्रौढ मानण्याचं वय वाढवणारा कायदा न्यूयॉर्कमध्ये २०१७ साली झाला, त्यात या मुलाच्या मृत्यूचा मोठा वाटा होता.

तुम्ही कायद्याच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून तुम्हाला पडणारा पुढचा प्रश्न मला दिसतोय: आकडे इतके स्वच्छ असताना कोर्टात दाद का मागता येत नाही? याचं उत्तर १९८७ च्या मॅक्लेस्की विरुद्ध केम्प या निकालात आहे. तो फाशीचा खटला होता, जॉर्जियातला. मृत व्यक्ती गोरी असेल तर फाशीची शक्यता कितीतरी वाढते, हे अभ्यासाने दाखवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की आकडे खरे धरले तरी या आरोपीच्या बाबतीत कोणीतरी हेतुपुरस्सर भेदभाव केला हे सिद्ध व्हायला हवं. वर मी जी साखळी सांगितली तिच्यात असा हेतू कुठे सापडणार? प्रत्येकाने थोडं थोडं केलं आणि कोणीच ‘केलं’ नाही.

उरतो तो १९७४ चा बालन्यायाचा केंद्रीय कायदा. १९८८ मध्ये राज्यांना कोठडीतल्या तफावतीकडे लक्ष द्यायला सांगितलं गेलं. १९९२ मध्ये ती निधीसाठीची मुख्य अट झाली, २००२ मध्ये कोठडीबरोबर पोलीस-कोर्टाच्या प्रत्येक टप्प्यापर्यंत ती वाढवली, २०१८ मध्ये पुन्हा नव्याने लिहिली. न पाळल्यास केंद्राच्या अनुदानात कपात होते. मला या कायद्याची एक गोष्ट मोलाची वाटते: टप्प्याटप्प्याची आकडेवारी गोळा करण्याची सक्ती. पण तफावत कमी करून दाखवलीच पाहिजे असं त्यात नाही. आकडे गोळा करून योजना सादर केली की पुरतं. केंद्रीय न्याय विभागाने २०१२ मध्ये मेम्फिसच्या बालन्यायालयाबद्दल आणि २०१५ मध्ये सेंट लुइस काउंटीबद्दल जे चौकशी अहवाल दिले, त्यांत गुन्हा, वय, पूर्वेतिहास सारखा धरूनही कृष्णवर्णीय मुलांना जास्त कडक वागणूक मिळते असं स्पष्ट लिहिलं. मेम्फिसमध्ये त्यातून करार झाला, बाहेरचे निरीक्षक आले, आणि २०१८ मध्ये ती देखरेख संपवली गेली.

मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. शिकागोत १८९९ मध्ये पहिलं बालन्यायालय निघालं तेव्हा कल्पना अशी होती की न्यायाधीशाने वडिलांसारखं वागावं. नियम कमी, मोकळीक जास्त. पण ती मोकळीक पहिल्यापासून सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियात मुलांचं आश्रयगृह गोऱ्यांसाठी निघालं आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळं निघायला दोन दशकं गेली. दक्षिणेत गुलामगिरी संपल्यावर ‘शिकाऊ उमेदवारी’च्या नावाखाली कृष्णवर्णीय मुलं कोर्टाच्या हुकमाने जुन्या मालकांकडेच कामाला बांधली गेली. १९६६ च्या केंट आणि १९६७ च्या गॉल्ट या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी मुलांना सुनावणी, वकील, गप्प राहण्याचा हक्क दिला, कारण वडिलांसारखं वागणारं कोर्ट अश्लील फोनसाठी पंधरा वर्षांच्या मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत डांबत होतं. १९७१ मध्ये ज्युरीचा हक्क मात्र नाकारला गेला. दयेसाठी ठेवलेली मोकळीक त्याच मुलाला मिळते ज्याच्यात न्यायाधीशाला आपलं मूल दिसतं. म्हणून माझं मत आता पक्कं आहे की किरकोळ गोष्टींत मोकळीक कमी करा, आणि ती अटकेच्या आधीच कमी करा.

हे करून दाखवलेलं आहे. जॉर्जियाच्या क्लेटन काउंटीत न्यायाधीश स्टीव्हन टेस्की यांनी २००४ मध्ये शाळा आणि पोलिसांना एका टेबलावर बसवून लेखी करार केला: किरकोळ प्रकरणात पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा समुपदेशन, कोर्ट तिसऱ्यांदा. शाळांतून कोर्टात येणारी प्रकरणं निम्म्याहून कमी झाली. फिलाडेल्फियात २०१४ मध्ये पोलीस अधिकारी केविन बेथेल यांनी शाळेतल्या किरकोळ गोष्टींसाठी अटकेऐवजी घरी सोशल वर्कर पाठवायला सुरुवात केली, आणि पहिल्याच वर्षात शाळेतल्या अटका ५४ टक्क्यांनी घटल्या. ओरेगनच्या मल्टनोमा काउंटीने गुणांचा तक्ताच बदलला. ‘टोळीशी संबंध’ ही ओळ काढली. ‘चांगलं कुटुंब’ याऐवजी ‘जबाबदारी घेणारा कोणी मोठा माणूस आहे का’ असं विचारलं. नुसत्या शालेय हजेरीऐवजी नोकरी किंवा प्रशिक्षणही धरलं. कोठडीतली दरी तिथे खरोखर कमी झाली.

अशा योजनांत एकच गोष्ट तपासून बघावी लागते: ‘फक्त पहिल्या गुन्ह्यासाठी’ ही अट. ती वाजवी दिसते, पण ज्या मुलावर आधीपासून जास्त नजर आहे त्याचा पहिला गुन्हा लवकर संपलेला असतो. सवलत मग गोऱ्या मुलांना जास्त मिळते, एकूण आकडा घटतो आणि दरी रुंदावते. अधिकाऱ्यांना अर्ध्या दिवसाचं पक्षपातविरोधी प्रशिक्षण देऊन काही बदलेल, यावर माझा भरवसा नाही. अहवालाचा नमुना बदलला तर बदलतं.

तुम्ही भारतात काम करणार, म्हणून एवढंच जोडते. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम १५ मध्ये १६ ते १८ वयाच्या मुलावर जघन्य (कायद्याच्या भाषेत ‘हीनस’) गुन्ह्यात प्रौढांसारखा खटला चालवावा का, हे ठरवण्यासाठी बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं. त्यात मुलाची समज, परिस्थिती, परिणाम कळण्याची क्षमता पाहायची असते. प्रोबेशन अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवालही असतोच. वॉशिंग्टन राज्यातल्या अहवालांबद्दल जे लिहिलं ते डोक्यात ठेवून असे अहवाल वाचा, विशेषतः पारधी किंवा इतर विमुक्त जमातींतल्या मुलांचे. ज्या समाजांवर १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि जो शिक्का कागदावरून १९५२ मध्ये पुसला गेला, त्यांच्या मुलांबद्दल ‘पार्श्वभूमी’ या रकान्यात काय लिहिलं जातं ते बघा. अमेरिकेतली वर्णाची कहाणी आणि आपली जातीची कहाणी एक नाही, पण रकाना तोच आहे. आपल्या कायद्यात एक गोष्ट मात्र जास्त चांगली आहे: कलम २४ नुसार, प्रौढ म्हणून खटला चाललेल्या प्रकरणांचा अपवाद सोडला, तर मुलाची नोंद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची असते. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ती आपोआप बंदही होत नाही, अर्ज करावा लागतो. या कलमाची अंमलबजावणी तुमच्या जिल्ह्यात होते का, नोंदी खरंच नष्ट होतात का, हा तुमच्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

अमेरिकेवरच लिहायचं असेल तर एखादं राज्य घ्या आणि शेवटच्या कोठडीच्या आकड्यापासून सुरू करू नका. अटक, इनटेकला मिटवलेली प्रकरणं, कोठडी, आरोपपत्र, प्रोबेशन, सुधारगृह, प्रौढ कोर्ट असे टप्पे मांडा, आणि प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्यातल्या मुलांपैकी किती काळी आणि किती गोरी पुढे गेली ते काढा. नंतरच्या टप्प्यांवर फरक लहान दिसला तर ‘कोर्ट निःपक्षपाती आहे’ असा निष्कर्ष घाईने काढू नका. त्या मुलांच्या ‘आधीच्या प्रकरणां’चा रकाना उघडा आणि त्यातली पहिली नोंद कोणत्या वर्षी, कोणत्या शाळेत, कशासाठी झाली ते शोधा.